अतिशीत द्रव हाताळणाऱ्याचा पोशाख

थंडी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें घोंगडी उभी राहते. पौषांत बालाघाटाच्या पठारावरून झोंबरा वारा सुटला म्हणजे घाटनांदुरच्या स्टेशनावर पहाटेच्या गाडीची वाट पाहणारा उतारू कान बांधतो, हात बंडीच्या खिशांत घालतो, धोतराचा सोगा पायांभोंवतीं आवळून घेतो आणि अंगची ऊब बाहेर जाऊं नये अशी सर्व तजवीज करतो. घट्ट, जाड आणि चहूंकडून बंद, हें त्याच्या पोशाखाचें सूत्र होय. परंतु याच आमच्या गांवांत, ऐन वैशाखांतही, एक निराळीच थंडी मोटारसायकलीस बांधून दारोदार नेली जाते. तिच्यापुढें हें सूत्र उपयोगी पडत नाहीं. उलट अंगाशीं येतें. ही थंडी म्हणजे गुरांच्या डॉक्टरांजवळील ॲल्युमिनियमच्या भांड्यांतला द्रवरूप नत्रवायु, ज्यास सर्वत्र नायट्रोजन म्हणतात. हा द्रव व त्याचे भाऊबंद हाताळतांना मनुष्यानें काय घालावें, काय घालूं नये आणि कां, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा विषय मला सुचण्याचें कारण आमचा गोठा. गेल्या वैशाखांत आमची लाल कंधारी गाय माजावर आली, तेव्हां वडिलांनीं निरोप धाडून डॉक्टरसाहेबांस बोलाविलें. त्यांनीं भांड्याचें बूच काढतांच पांढऱ्या धुराचा लोट वर आला आणि भांड्याच्या अंगावरून जमिनीकडे ओघळूं लागला. “साहेब, आंत पेटलें कीं काय?” असें वडिलांनीं दचकून विचारलें. साहेब हंसून म्हणाले, “पेटलें नाहीं, काका, गोठलेलें आहे.” मग चिमट्यानें त्यांनीं काडीएवढी एक नळी झटकन् वर उचलली, कोमट पाण्यांत सोडली आणि घड्याळाकडे पाहूं लागले. घड्याळ उजव्या मनगटावर होतें. सर्व लोक तें डावीकडे बांधतात, मग साहेबांचें उजवीकडे कां, असें मीं विचारलें. त्यांनीं कांहीं न बोलतां डावें मनगट पुढें केलें. त्यावर बांगडीसारखा एक पांढुरका व्रण होता.

त्याची हकीकत त्यांनीं सांगितली ती अशी. पुष्कळ वर्षांपूर्वीं मोठ्या भांड्यांतून लहान भांड्यांत हा द्रव ओततांना तो त्यांच्या डाव्या हातावर उसळला. तळहातावर व बोटांवर पडलेले थेंब गडगडत खालीं गेले. तेथें डागही उरला नाहीं. जो थोडासा द्रव घड्याळाच्या पट्ट्याखालीं शिरला, तो मात्र तेथेंच राहिला, आणि पट्टा सोडीपर्यंत त्यानें आपलें काम केलें. “हात वांचला, पट्ट्यानें दगा दिला,” असें ते म्हणाले. एवढें होऊनही घड्याळ सुटलें नव्हतें. तें केवळ दुसऱ्या हातावर गेलें होतें, हें पाहून मला गंमत वाटली. परंतु या पोशाखाचें सगळें शास्त्र त्या एका व्रणांत सांठविलेलें आहे, हें मला मागाहून समजलें.

प्रथम या द्रवाची थोडी ओळख करून घेऊं. आपण जी हवा श्वासावाटे घेतों, तिचे पांच भाग केले तर जवळजवळ चार भाग नत्रवायूचे व एक भाग प्राणवायूचा असतो. हे वायु कायमचे वायुरूपच राहणार, त्यांचें पाणी होणें नाहीं, अशी एके काळीं विद्वानांची समजूत होती. १८७७ सालीं फ्रान्समध्यें कैयते व स्वित्झर्लंडमध्यें पिक्ते यांनीं प्राणवायूचें क्षणभर धुकें पाडून दाखविलें, आणि १८८३ सालीं क्राकोव्ह येथें व्रोब्लेव्हस्की व ओल्शेव्हस्की या पोलिश शास्त्रज्ञांनीं प्राणवायु व नत्रवायु हे दोन्ही भांड्यांत पाण्यासारखे स्थिर करून दाखविले. हे द्रव ठेवावयाचे कशांत, हा पुढला प्रश्न जेम्स ड्यूअर यांनीं १८९२ सालीं सोडविला. दोन भिंतींचें भांडें करून मधली हवा त्यांनीं काढून टाकली. शेतावर चहा नेण्यासाठीं आपण जो थर्मास वापरतों, तो या भांड्याचाच वंशज. डॉक्टरसाहेबांच्या भांड्याची रचनाही मूलतः तीच आहे.

द्रवरूप नत्रवायु उणे १९६ अंशांवर उकळतो, प्राणवायु उणे १८३ अंशांवर. रत्नागिरी जिल्ह्यांत दाभोळ येथें जहाजांतून उतरविला जाणारा द्रवरूप नैसर्गिक वायु सुमारें उणे १६२ अंशांवर. बर्फ शून्य अंशावर होतें, एवढें स्मरणांत ठेविलें म्हणजे हे आंकडे काय सांगतात तें कळेल. इतक्या थंडींत जीवपेशींचे सर्व व्यापार थांबतात आणि वळूचें वीर्य वर्षानुवर्षें टिकतें. १९४९ सालीं इंग्लंडमध्यें पोल्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ग्लिसरीन मिसळून वीर्य गोठविण्याची युक्ति प्रसिद्ध केली, आणि आपल्याकडे ती गोठ्यापर्यंत पोंचविण्यांत पुण्याजवळील उरुळीकांचन येथें मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं स्थापिलेल्या ‘बाएफ’ या संस्थेनें मोठा वाटा उचलला. आतां सरकारी दवाखान्यांतही हीं भांडीं असतात. तेव्हां हा द्रव कोठें तरी दूरच्या प्रयोगशाळेंत असतो असें कोणी समजूं नये. तो आपल्या उकिरड्याशेजारून जातो.

आतां मुख्य मुद्दा. भाकरी टाकण्यापूर्वीं तवा तापला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं घरोघरीं त्यावर पाणी शिंपडतात. तवा बेताचा तापला असेल तर थेंब तेथेंच पसरून चुर्र करून आटतो. परंतु तवा फार तापला असेल तर थेंब आटत नाहीं. तो मोत्यासारखा गोल होतो आणि तव्यावर नाचत सुटतो. थेंबाच्या बुडाशीं त्याचीच वाफ होऊन तिची पातळ गादी तयार होते, व त्या गादीमुळें थेंब तव्यास स्पर्शच करीत नाहीं. लायडेनफ्रॉस्ट नांवाच्या जर्मन वैद्यानें १७५६ सालीं या चमत्काराचें वर्णन केलें, म्हणून तो त्याच्या नांवानें ओळखला जातो; आपल्या आयाबहिणी तो रोज पाहतात, त्यांचें नांव कोणी दिलें नाहीं.

पाणी १०० अंशांवर उकळतें, आणि तवा २०० अंशांचा धरला तर तो पाण्याहून १०० अंशांनीं अधिक तापलेला असतो. आपली कातडी साधारण ३४ अंशांची. म्हणजे उणे १९६ अंशांच्या द्रवाहून ती २३० अंशांनीं अधिक तापलेली! त्या द्रवाच्या दृष्टीनें आपला हात हाच तापलेला तवा होय. म्हणून उघड्या तळहातावर पडलेला थेंब नाचत निघून जातो. पण त्यास निघून जाण्यास वाट हवी. पट्ट्याखालीं, अंगठीच्या कडेशीं, खिशांत, बुटांत किंवा विणलेल्या कापडाच्या धाग्यांत तो अडकला, तर वाफेची गादी मोडते, द्रव कातडीस भिडतो आणि कांहीं क्षणांतच ती गोठते. गोठलेलें मांस भाजलेल्या मांसासारखेंच मरतें. जखमही भाजल्यासारखीच दिसते. कांहीं हौशी लोक सभेंत या द्रवांत बोट बुडवून दाखवितात. तें धाडस कोणी करूं नये. गादी किती वेळ टिकेल याचा करार कोणी लिहून दिलेला नसतो.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे पोशाखाचे नियम पाठ करावे लागत नाहींत. ते आपोआप सुचतात. अंगावर असें कांहीं नसावें कीं ज्यांत द्रव सांठेल, आणि जें आहे तें एका झटक्यांत अंगावेगळें करतां यावें. पौषांतल्या उतारूच्या पोशाखाशीं ताडून पाहा: तो ऊब अडवून धरतो, हा पोशाख द्रवाला वाट करून देतो.

हातमोजे घ्या. आपल्याकडे हिंवाळ्यांत मिळणारे लोकरीचे विणलेले मोजे येथें सर्वांत वाईट, कारण ते द्रव शोषून घेतात व हाताशीं धरून ठेवतात. दूध काढणारे किंवा औषध फवारणारे वापरतात ते रबरी मोजेही निरुपयोगी; इतक्या थंडींत साधें रबर कांचेसारखें कडक होऊन तडकतें. या कामासाठीं जे खास मोजे मिळतात, त्यांत उष्णता अडविणारे अनेक थर असतात आणि वरचें कापड द्रव आंत न घेणारें असतें. ते कोपरापर्यंत लांब असतात, आणि मुद्दाम सैल असतात. सैलपणाचें कारण असें कीं, आंत द्रव शिरलाच तर हात खालीं झटकतांच मोजा गळून पडावा. गोठलेल्या नळास मोजा चिकटला तरी हात मागें घेतां येतो. कुल्फीचा पत्र्याचा सांचा ओल्या बोटांनीं धरला असतां बोट कसें चिकटतें हें ज्यानें अनुभविलें आहे, त्यास याहून अधिक सांगणें नको. आणि कुल्फीचें बर्फ-मीठ या द्रवापुढें उन्हाळाच समजावा. मोजे कोरडे असावे. ओलसर मोजा गोठून लांकडासारखा ताठ होतो आणि थंडी सरळ हातापर्यंत पोंचवितो.

परंतु येथें एक मोठा गैरसमज आहे. मोजे घातले म्हणजे हात द्रवांत बुडविण्यास हरकत नाहीं असें पुष्कळांस वाटतें. उत्तमांतला उत्तम मोजासुद्धां त्यासाठीं केलेला नसतो. तो उसळलेल्या थेंबांपासून व थंड धातूच्या ओझरत्या स्पर्शापासून रक्षण करतो, एवढेंच. भांड्यांत पडलेली वस्तु काढावयाची तर चिमटाच पाहिजे. चुलीवरचें पातेलें उतरविण्यास जशी सांडशी लागते तसाच.

डॉक्टरसाहेबांस मीं विचारलें होतें कीं, मोजे असतांना ते घालीत कां नाहींत. त्यांचें उत्तर विचार करण्यासारखें होतें. वीर्याची नळी चहाच्या पावचमचाभर द्रवही मावणार नाहीं इतकी लहान असते, पाव मिलिलिटरची. जाड मोज्यांत तिचा स्पर्शच कळत नाहीं. शिवाय ती भांड्याच्या गळ्यांत फार वेळ वर धरली तर आंतील वीर्य बाद होतें. मोज्यानें चांचपडत बसण्यास सवड नसते. हें खरेंच आहे, आणि केवळ नियमांवर बोट ठेवणाऱ्यांनीं तें ऐकून घ्यावें. माझ्या मतें यांतून मार्ग असा: नळी उचलण्याचें काम लांब चिमट्याचें आहे, तेथें बोटें द्रवाजवळ जातच नाहींत, पण एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओततांना व नळ्यांचा डबा हलवितांना मोज्यांवांचून हात लावूं नये. साहेबांचें मनगट भाजलें तें ओततांनाच. कोमट भांड्यांत हा द्रव ओतला म्हणजे तो पहिल्यानें खळखळून उकळतो व उसळतो, तेव्हां हळूहळू ओतावें, हें वेगळें सांगावयास नको. द्रव किती उरला हें पाहण्यासाठीं लांकडी पट्टीच बुडवावी. पोकळ नळी बुडविली तर तींतून कारंजें उडून तोंडावर येतें.

आणि डोळ्यांच्या बाबतींत मात्र कसलीही सवलत नाहीं. हातावरचा थेंब घरंगळून जाईल. डोळ्यांत गेलेला कोठें जाणार? बाजूंनीं बंद असलेला चष्मा, आणि ओततांना त्यावर हनुवटीखालपर्यंत येणारा पारदर्शक पडदा, हीं दोन साधनें मी मोज्यांच्याही आधीं मोजतों. साधा वाचावयाचा चष्मा पुरेसा नाहीं. थेंब कडेनें शिरतो.

अंगावर पूर्ण बाह्यांचा सदरा असावा आणि बाह्या मोज्यांवरून उतरत्या असाव्या. पुढें ओंजळ पसरून बसलेले उघडे खिसे नसावे. वरून गळ्यापासून गुडघ्याखालपर्यंत येणारा, द्रव न शोषणारा ॲप्रन असला तर उत्तम. विजारीच्या पायाशीं दुमड नसावी, कारण ती पन्हळीसारखी द्रव धरते. आतां आमच्या भागांतील शेतकऱ्यास जें सर्वांत विचित्र वाटेल तें सांगतों. उसाला पाणी देतांना आपण गमबूट घालतों व विजार बुटांत खोंचतों, म्हणजे चिखल लागत नाहीं. येथें नेमकें उलट करावयाचें. विजार बुटांच्या बाहेरून सोडावी. खोंचलेली विजार म्हणजे नाळकें आणि बूट म्हणजे घागर. वरून सांडलेला द्रव सरळ घागरींत जाईल, आणि भरलेला बूट काढण्यास लागतो तेवढ्या वेळांत पाऊल हातचें जाईल. चपला तर नकोतच. त्यांच्या पट्ट्यांखालीं तीच गत होते जी घड्याळाच्या पट्ट्याखालीं झाली. अंगठ्या, बांगड्या, कडें, मनगटावरचा गंडा किंवा राखीचा दोरा हेही काम संपेपर्यंत उतरवून ठेवावे. सुती दोरा द्रव पितो व धातु थंडी झपाट्यानें पोंचवितो.

द्रवरूप प्राणवायूच्या बाबतींत पोशाखास आणखी एक भान ठेवावें लागतें. नत्रवायु आग विझवितो, प्राणवायु तिला चेतवितो. प्राणवायु मुरलेलें कापड ठिणगी लागतांच भडकतें, आणि तो वायु दिसत नाहीं, त्यास वासही नाहीं. म्हणून त्या कामाचे मोजे तेलाच्या व ग्रीसच्या डागांपासून अगदीं स्वच्छ असावे लागतात, आणि काम आटोपल्यावर कपडे मोकळ्या हवेंत निदान अर्धा तास वारविल्यावांचून विडीकडे किंवा चुलीकडे फिरकूं नये. करोनाच्या साथींत, २०२० व २०२१ या सालीं, या द्रवाच्या उंच टाक्या रुग्णालयांच्या आवारांत लोकांच्या चांगल्याच ओळखीच्या झाल्या. २१ एप्रिल २०२१ रोजीं नाशिक येथें महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयांतील अशाच टाकीस गळती लागली. आवारांत पांढरें धुकें पसरलें, रुग्णांचा प्राणवायु तुटला आणि त्या दिवशीं २२ जण दगावले. तें धुकें प्राणवायूचें नव्हे. थंडीनें गोठलेल्या हवेंतील बाष्पाचें असतें, तेंच जें आमच्या गोठ्यांत वडिलांस धूर वाटलें. परंतु अशा धुक्यांत शिरून कोणास तरी झडप बंद करावीच लागते. त्या मनुष्याचीं बोटें काम करतात कीं नाहीं यावर वर पलंगांवर असलेल्यांचा श्वास अवलंबून असतो. त्याचे मोजे व पडदा टाकीपासून दूर, पण पळत जाऊन लगेच हातीं येतील अशा जागीं टांगलेले असले तरच कामाचे. कपाटाची किल्ली शोधण्यास तेव्हां वेळ नसतो.

एका संकटापुढें मात्र कोणताच पोशाख चालत नाहीं. एक लिटर द्रवरूप नत्रवायूचा सुमारें ७०० लिटर वायु होतो. तीन मीटर लांब, तितक्याच रुंद व तितक्याच उंच अशा बंद खोलींत दहा लिटर द्रव सांडून उकळून गेला, तर तेथील प्राणवायु शेंकडा २१ वरून सुमारें १६ वर येतो. तो शेंकडा १० च्या खालीं गेला तर माणूस न कळत मूर्च्छित पडतो. गुदमरल्याची जाणीव आपणांस प्राणवायूच्या उणिवेनें होत नाहीं. कर्बद्विप्राणिल वायु सांचल्यानें होते. नत्रवायु तो सांचूं देत नाहीं, म्हणून पडणाऱ्यास इशाराच मिळत नाहीं. तोंडाला बांधलेलें उपरणें येथें व्यर्थ. जुन्या विहिरींत उतरण्यापूर्वीं कंदील सोडून पाहणारे आमचे वडीलधारे ही गोष्ट चटकन् ओळखतील, आणि पहिल्यास काढावयास गेलेला दुसराही विहिरींतच राहतो हेंही त्यांस ठाऊक आहे. म्हणून हें भांडें निजावयाच्या खोलींत किंवा बंद मोटारींत ठेवूं नये. आणि त्याचें बूच सैलच असावें, कारण उकळणारा वायु कोंडला तर भांडें फुटतें.

इतकी काळजी घेऊनही कातडी गोठलीच, तर ती चोळूं नये व शेकोटीजवळ नेऊं नये. आमच्याकडे आधीं चोळावयाचेंच सुचतें, म्हणून मुद्दाम लिहितों. गोठलेल्या पेशी चोळल्यानें फुटतात. कपडे सैल करावे, चिकटलेलें कापड ओढूं नये, तो भाग कोमट पाण्यांत, फार तर ४० अंशांच्या, धरावा आणि दवाखाना गांठावा. डोळ्यांत गेल्यास कोमट पाण्यानें धूत राहून तडक डॉक्टरांकडे न्यावें.

माघांत आमच्या गाईस कालवड झाली. तांबूस रंगाची, आईसारखीच. त्याच सुमारास दुसऱ्या गाईसाठीं डॉक्टरसाहेब पुन्हां आले. या वेळीं मोटारसायकलीच्या मुठीस निळे लांब मोजे लटकत होते आणि डोळ्यांवर बंद चष्मा होता. भांडें उघडण्यापूर्वीं त्यांनीं घड्याळ उतरवून गोठ्याच्या मेढीवरील खुंटीस अडकविलें. काम झालें, चहा झाला, साहेब निघून गेले, आणि घड्याळ खुंटीवरच राहिलें. वडिलांनीं मला सायकल देऊन स्टेशनाच्या रस्त्यानें त्यांच्यामागें पिटाळलें.